जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाचा (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं) उत्पादकाला खरंच फायदा होतो का? ते यशस्वी झालं हे कशावरून ओळखायचं?

आमचं घरचं गुऱ्हाळ आहे, करवीर तालुक्यात. त्यामुळे तुमच्या अभ्यासासाठी उत्तर गुळापुरतंच देतो.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये जीआय मिळालं. पेपरात फोटो आले, सत्कार झाले. त्यानंतरच्या हंगामांत आमच्या गुळाला त्या नावाचा म्हणून वेगळा दर मिळालेला नाही. तेव्हा महाराष्ट्राला किती मानांकनं मिळाली हा आकडा तुमच्या अभ्यासात पहिल्या पानावर टाकू नका, त्यावरून काहीच कळत नाही. ज्याच्या नावावर नोंदणी आहे ती संस्था वेगळी आणि 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदलेला शेतकरी वेगळा. कायद्यानं ते नाव मालावर लावायचा हक्क या दुसऱ्या नोंदणीनं मिळतो. 2020 मध्ये तिची फी 500 रुपयांवरून 10 रुपयांवर आणली, तरी गावात विचारून बघा, किती गुऱ्हाळवाल्यांना अशी नोंदणी असते हे तरी माहीत आहे.

आता गुळाची खरी गोम सांगतो. आमचे वडील हायड्रोस, म्हणजे गुळाचा रंग उजळवणारं रसायन, वापरत नाहीत. रस काहिलीत चढला की रानभेंडीचा चिकट रस घालायचा, मळी वर आली की काढत राहायची, चुना बेतानं. पाक झाला की नाही हे गुळव्या ठरवतो. चमचाभर पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि ताटलीवर आपटतो. टणकन आवाज आला की काहील उतरवायची. मग वाफ्यात, म्हणजे पाक गार करायच्या जागेत, ओतून घोटायचं आणि रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, भरायचे. असा गूळ तांबूस होतो, कधी जरा काळपटसुद्धा. हायड्रोस टाकला की तोच गूळ केशरी-पिवळा दिसतो. तो रंग साठवणीत टिकत नाही, चार-दोन महिन्यांत गूळ काळवंडतो, पण सौद्याच्या, म्हणजे बाजारातल्या लिलावाच्या, दिवशी तो पिवळाच असतो ना.

एका वर्षी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला आम्ही आमचे रवे लावले होते. शेजारच्या थप्पीत पिवळाधमक गूळ. व्यापारी आले, आमच्या रव्याचा कोपरा फोडला, चव घेतली, 'गोडीला एक नंबर' म्हणाले आणि दर लावला शेजाऱ्यापेक्षा चांगलाच खाली. वडिलांनी विचारलं, हा कोल्हापूरच्या मातीतला, बिनऔषधाचा, मानांकनाचा गूळ, याला काहीच किंमत नाही? अडत्या म्हणाला, 'काका, वर गुजरातला माल जातो तो रंगावर जातो.' वडील घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्या शेजारच्या थप्पीतल्या गुळात साखर होती हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. साखर स्वस्त झाली की ती काहिलीत जाते, यात काही गुपित नाही.

पुढं पुण्यात थोरल्या बहिणीकडं गेलो. दाजींचं किराणा दुकान आहे. रॅकवर 'अस्सल कोल्हापुरी गूळ' अशी पाकिटं. पाकिटाच्या मागं पत्ता कर्नाटकातला. मी विचारलं तर दाजी म्हणाले, 'पाव्हणं, गिऱ्हाईक रंग बघतंय, मागचा पत्ता कोण वाचतोय? आणि कोल्हापुरी म्हणून मागतात, म्हणून कोल्हापुरी म्हणून देतो.' हा वाद आमच्यात आजही चालू आहे. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही तेच आहे: नोंदणी झालेलं नाव हद्दीबाहेरच्या मालावर लावणं हा कायद्यानं गुन्हा आहे, त्याला शिक्षा आणि दंड दोन्ही आहेत. कर्नाटकातल्या गुळाला माझं काही म्हणणं नाही, चांगला असतो, त्यांनी तो त्यांच्या गावाच्या नावानं विकावा. 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, तिथून या नावाला वजन आलं. ते चार पिढ्यांच्या गुळव्यांनी कमावलंय, पाकीट छापणाऱ्यानं नाही.

म्हणून मूल्यमापन करायचंच असेल तर शेवटच्या दुकानातून सुरू करा आणि मागं मागं गुऱ्हाळापर्यंत या. दुकानात त्या नावानं विकला जाणारा माल कुठला आहे? तो तपासायला वर्षातून एकदा तरी कुणी येतं का? सौद्यात दर नावावर लागतो की रंगावर? देवगडच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेनं 2025 च्या हंगामात प्रत्येक फळावर कोड असलेलं स्टिकर आणलं, सोलून दुसऱ्या आंब्यावर लावता येत नाही असं. हापूसला मानांकन 2018 चं, म्हणजे देवगडला एवढं करायला इतकी वर्षं लागली. गुळाच्या रव्याला असं काही का नाही, हे दाजींनाही विचारलंय. ते म्हणतात, खर्च गिऱ्हाइकावर पडेल. पडू दे की. दोन रुपये जास्त देऊन खरा गूळ घेणारी माणसं त्यांच्याच दुकानात येतात, मी पाहिलीत.

हे सगळं गुळावरून सांगतोय हे ध्यानात ठेवा. दार्जिलिंग चहाचं गणित वेगळं आहे, तिथं मळे मोजके आणि मागं टी बोर्ड, म्हणजे सरकारचं चहा मंडळ. तरीही नेपाळच्या चहाची भेसळ थांबलेली नाही. आणि सगळा पिवळा गूळ हायड्रोसचाच असतो असंही नाही. को 92005 सारख्या जातीचा ऊस आणि चांगली जमीन असली की बिनऔषधाचाही रंग छान येतो. फक्त त्यासाठी ऊस पक्व व्हावा लागतो आणि तोडला की लगेच गाळावा लागतो. मजूर मिळाले नाहीत की तिथंच सगळं अडतं, त्यावर कुठलंही मानांकन उपयोगाचं नाही.