आजी तुझ्यावर चोरीचा आळ घेते तेव्हा

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. 'माझं पाकीट तूच घेतलंस' असं आजी चारचौघांत म्हणाली, ते तुझ्या जिव्हारी लागलंय. लागणारच. जिचं सगळं तू करतेस, तिनेच असं बोलावं!

पण तिच्या बाजूने बघ. पाकीट तिनेच जपून उशीच्या अभ्र्यात सारलं असेल. तिला डिमेन्शिया आहे, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू कमी होत जाणारा आजार. त्यात बहुतेकदा आधी ताज्या आठवणी पुसल्या जातात, त्यामुळे ठेवल्याची नोंदच मेंदूत होत नाही. पाकीट होतं, आता नाही. मग कुणीतरी नेलं, एवढाच अर्थ तिला लागतो. आणि सतत जवळ कोण असतं? तू. ज्यांच्या नावाने डिमेन्शियाचा अल्झायमर हा प्रकार ओळखला जातो, त्या अलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली ज्या ५१ वर्षांच्या बाईंची केस मांडली, त्यांच्या आजाराची सुरुवातही नवऱ्यावरच्या संशयानेच झाली होती. त्याही घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे नेऊन लपवायच्या. तेव्हा आजीचा स्वभाव बिघडला असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस.

पुरावे देत बसू नकोस. 'हरवलं का गं? चल, दोघी शोधू या,' म्हण. सापडल्यावर 'बघ, तूच ठेवलं होतंस' हे वाक्य मात्र गिळून टाक. ते तिला फार लागतं.

संध्याकाळी 'मला घरी जायचंय' म्हणून दार धरते, असं लिहिलंयस. दिवस कलला की थकवा आणि अंधूक उजेड यांनी गोंधळ वाढतो. दिवे लवकर लाव. 'हेच तुझं घर' हे पटवण्यापेक्षा 'घरी कोण कोण आहे?' असं विचार आणि ती सांगेल ते ऐक. त्याआधी तिला लघवीला लागली आहे का, भूक आहे का, कुठे दुखतंय का, हे बघ. दुखतंय हे तिला शब्दांत सांगता येत नाही, मग ती चिडते किंवा येरझाऱ्या घालते. काळ्या पायपुसण्यावर पाय ठेवत नसेल, तर तिला तिथे खड्डा दिसत असेल. सरळ उचलून टाक.

एक गोष्ट कधीच आजारावर ढकलू नकोस: काल बरी होती आणि आज एकदम बरळतेय किंवा सारखी गुंगीत आहे. अशा वेळी लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, एखादं नवीन औषध, काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. आणि तिला खोलीत नसलेली माणसं दिसत असतील, तर शांत करायची गोळी सुरू होण्याआधी हे डॉक्टरांना आवर्जून सांग. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात अशा काही गोळ्या जिवावर बेतू शकतात.

एक वही कर. काय झालं, किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं आणि कशाने शांत झाली, एवढंच लिही. डॉक्टरांकडे जाताना ती वही ने. आणि रात्रीची पाळी घरातल्या आणखी कुणाला तरी घ्यायला लाव. संकोच करू नकोस.

तुझ्या,
बाई