आयपीएस स्क्रीन बसवल्यावर गेम बॉय कलर रिस्टार्ट होतोय? रेग्युलेटर मागवायच्या आधी एवढं मोजा

भाऊ, रेग्युलेटरची ऑर्डर सध्या थांबवा. तुम्ही सांगितलेली लक्षणं अशी: गेम बॉय कलरला (हातात धरून खेळायचा निन्टेंडोचा जुना कन्सोल) आयपीएस स्क्रीन, म्हणजे मागून उजेड असलेली नवी स्क्रीन, बसवली, ब्राइटनेस वाढवला की कन्सोल बंद होऊन परत लोगोपासून सुरू होतो, नवे सेल घातले की थोडा वेळ नीट चालतो, रिचार्जेबल सेलवर तर लगेच आडवा पडतो, आणि मल्टिमीटर मात्र ‘सेल ठीक’ म्हणतो. हे सगळं एकत्र दिसलं की मी आधी पॉवर स्विचवर आणि सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्त्यांवर संशय घेतो, रेग्युलेटरवर नाही.

सेल बाहेर काढून, काहीही चालू नसताना मोजलेल्या व्होल्टेजवर भरवसा ठेवू नका. विहीर भरलेली आहे म्हणून ठिबकच्या शेवटच्या नळीपर्यंत दाब पोचतोच असं नाही. मोजायचं ते कन्सोल चालू असताना, ब्राइटनेस फुल ठेवून.

असं का, ते जरा समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. हा कन्सोल १९९८चा. मागच्या लेबलवर ३ व्होल्ट, ०.६ वॅट असं छापलंय, म्हणजे २०० मिलिअँपिअरचा हिशोब. मूळ स्क्रीनला बॅकलाइटच नव्हता. आता आयपीएसचं पॅनल आणि त्याचा बॅकलाइट त्याच दोन पेन्सिल सेलवर आला. आतला कन्व्हर्टर, म्हणजे तुम्ही मागवणार होता तोच रेग्युलेटर, ३ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो आणि त्याला लागेल तेवढी पॉवर तो खेचतोच. समजा सगळं मिळून १ वॅट लागतो. ३ व्होल्टवर ते साधारण ३३० मिलिअँपिअर झाले, २.४ व्होल्टवर ४१५च्या पुढे. स्विचचा कॉन्टॅक्ट काळा पडून तिथे नुसता १ ओहम रेझिस्टन्स तयार झाला असेल, तरी पाव ते अर्धा व्होल्ट तिथेच जातो. पुढे व्होल्टेज कमी पोचलं की कन्व्हर्टर आणखी करंट खेचतो, तेवढ्याने स्विचवर आणखी व्होल्टेज पडतं, आणि एका क्षणी सगळं बसतं. लोड गेला की व्होल्टेज परत वर येतं, कन्सोल परत सुरू होतो. तुमचा रिस्टार्ट तो हाच.

रिचार्जेबल सेलचा यात दोष नाही. निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा, दोन मिळून २.४. जास्त करंटला ते किराणा दुकानात घड्याळ-रिमोटसाठी मिळणाऱ्या झिंक-कार्बन सेलपेक्षा कितीतरी बरे टिकतात. फक्त सुरुवातच कमी व्होल्टेजवर होते, म्हणून स्विचमधली खोट लवकर उघडी पडते. पॉवरचा लाल दिवा मंद दिसतो तोही त्यामुळेच, लगेच सेल संपले असं समजू नका. झिंक-कार्बनचे सेल मात्र आयपीएसवाल्या कन्सोलमध्ये घालूच नका. असल्या तक्रारी निम्म्या तिथेच मिटतात, असं माझं मत आहे.

आता मोजणी. मागचं कव्हर काढायला तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर लागेल. कव्हर निघालं की सेल बसायला जागा राहत नाही, म्हणून दोन सेलचा वायरवाला होल्डर घ्या आणि त्याच्या वायरी बोर्डावरच्या सेलच्या पत्त्यांना मगरी-क्लिपने जोडा. प्लस-मायनस दोनदा बघा. कन्सोल चालू करा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून तीन ठिकाणी प्रोब लावा. पहिलं, सेलच्या दोन टोकांवर. दुसरं, स्विचच्या ज्या दोन पायांतून करंट जातो त्यांच्यावर, एक प्रोब इकडे, एक तिकडे. इथे काही मिलिव्होल्ट, फार तर वीस-चाळीस मिलिव्होल्ट यायला हवेत. ०.२ व्होल्ट किंवा जास्त दिसला तर चोर सापडला. तिसरं, कार्ट्रिजच्या स्लॉटची पिन १ आणि पिन ३२, बोर्डाच्या मागच्या सोल्डरवर. १ म्हणजे ५ व्होल्ट, ३२ म्हणजे ग्राउंड. ब्राइटनेस वाढवताना हे ५ व्होल्ट खाली घसरतात का, ते बघत राहा. सेलवर आणि स्विचवर सगळं चोख असूनही इथे घसरण दिसली, तरच रेग्युलेटरचा विषय काढायचा.

स्विच साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मोबाईल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते. परभणीत मोबाईलवाल्याकडे मागितलंत तर बाटलीतून थोडं देईल. सेल काढून ठेवा, स्विचच्या फटीत दोन थेंब सोडा आणि खटका वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे करा. पूर्ण वाळू द्या, मग परत तोच मिलिव्होल्टचा आकडा घ्या. उतरला असेल तर काम झालं. थोडाच उतरला तर स्विच बदला, नवा मिळतो. रॉकेल, पेट्रोल, गंज काढायचा स्प्रे यातलं काही आत घालू नका.

पत्त्यांवर पांढरा-हिरवा थर असेल तर अल्कलाइन सेल गळलेला आहे. कानातल्या काडीला व्हिनेगर लावून पुसा, मग आयपीएने पुसा. स्प्रिंगखालचं सोल्डरही बघा, गंज तिथपर्यंत जातो आणि वरून दिसत नाही.

स्विच आणि पत्त्या नीट असतील तर सेल काढून स्क्रीनची रिबन (चपटी केबल) सोडवा, मग परत पॉवर द्या. स्क्रीन नसतानाही सुरू होण्याचा आवाज यायला हवा. आवाज येतोय आणि कन्सोल स्थिर राहतोय, तर मामला स्क्रीन किटचा. बहुतेक वेळा किटच्या पाठीमागची पट्टी एखाद्या कपॅसिटरला टेकलेली असते, कॅप्टॉन टेप (वीज न जाऊ देणारी पिवळट टेप) लावली की मिटतं. फ्लॅश कार्ट्रिज (ज्यात गेम आपण स्वतः भरतो ते) वापरत असाल तर एकदा साधं जुनं कार्ट्रिज लावून बघा, फ्लॅशवाली जास्त करंट घेतात. सगळे कपॅसिटर बदला असा सल्ला लोक पहिल्यांदाच देतात. मी तो शेवटी ठेवतो.

कन्सोल अजिबातच सुरू झाला नाही, दिवाही नाही, तर सेलच्या पत्तीजवळचा एफ१ फ्यूज सेल काढून मीटरच्या कंटिन्युइटीवर (बीप वाजणाऱ्या सेटिंगवर) तपासा. उडाला असेल तर तशाच रेटिंगचा टाका. वायरचा तुकडा टाकून ‘जुगाड’ करू नका, पुढच्या वेळी बोर्डच जाईल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सेल काढून लिथियम पॅक बसवावा का. स्विच साफ केल्याशिवाय नको, कारण पॅक बसवला तरी स्विच तोच राहणार. लिथियम सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढतो आणि हा कन्सोल ३ व्होल्टचा, त्यामुळे मध्ये व्होल्टेज सांभाळणारं बोर्ड असलेलंच किट घ्या. सुटं टीपी४०५६ मॉड्यूल (लिथियम सेल चार्ज करणारा छोटा बोर्ड) वापरणार असाल तर ते बहुतेक १ अँपिअरवर सेट होऊन येतं. ५००-६०० मिलिअँपिअर-तासांच्या छोट्या पॅकला ते फार झालं. त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा लावा, करंट २५० मिलिअँपिअरवर येतो. पॅक जोडल्यावर आउटपुटला काहीच आलं नाही तर घाबरू नका, सेल वाचवणारं प्रोटेक्शन लॉक असतं, एकदा चार्जर लावला की सुटतं. काही स्वस्त मॉड्यूलवर टाइप-सीचे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर नसतात. ती दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्ज होत नाहीत, एका टोकाला जुना यूएसबी-ए असलेली केबल लावा. आणि लाइट गेल्यावर पॉवर बँकवर लावलंत तर चार्जिंग संपत आल्यावर बँक आपणहून बंद होते, कमी करंटमुळे. तो बिघाड नाही.

मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मात्र चार्जिंगला लावू नका. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो आणि आपल्याकडे दुपारी पत्र्याखाली तेवढं सहज होतं. पॅक फुगलेला दिसला तर दाबून बघायचं नाही, टोचायचं नाही, काढून बाजूला ठेवायचा.

तिन्ही ठिकाणचे आकडे ब्राइटनेस कमी आणि फुल, असे दोन्ही वेळचे लिहून कळवा. बोर्डाचा फोटो पाठवाल तो स्विचच्या बाजूचा, उजेडात काढलेला पाठवा. स्क्रीनचा नको.