एअर फिल्टर बदलला म्हणून वॉरंटी नाकारली? आधी जुना टर्बो ताब्यात घ्या

प्रश्न: डिझेल एसयूव्ही घेऊन दोन वर्षे झाली, ऑन-रोड पंधरा लाख पडले. तीन वर्षांची वॉरंटी चालू आहे. मध्यंतरी कंपनीचा कागदी एअर फिल्टर काढून त्याच डब्यात बसणारा, तेल लावलेला कॉटनचा परफॉर्मन्स फिल्टर बसवला. आता टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा भाग) गेला आहे. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फिल्टर पाहिला आणि ‘बाहेरचा पार्ट, वॉरंटी रद्द’ म्हणून मोकळे झाले. एस्टिमेट एक लाख दहा हजारांचे आहे. मित्र म्हणतो, जुना फिल्टर परत लाव आणि दुसऱ्या शहरातल्या सेंटरला गाडी ने. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर: मित्राचे ऐकू नका. फिल्टरची नोंद जॉब कार्डावर झाली असणार आणि ती दुसऱ्या सेंटरलाही दिसेल. उद्या ग्राहक आयोगापुढे हीच लपवाछपवी तुमच्यावर उलटेल. तुमची बाजू आज वाटते त्यापेक्षा चांगली आहे, ती स्वतःच्या हाताने घालवू नका.

बाहेरचा फिल्टर बसवला एवढ्यावरून सगळ्या गाडीची वॉरंटी संपते, हे मला मान्य नाही. त्या फिल्टरमुळेच टर्बो गेला का, हा खरा प्रश्न आहे. वॉरंटी पुस्तिकेतले अपवादाचे कलम शब्दन् शब्द वाचा. बहुतेक ठिकाणी ‘अशा बदलामुळे झालेले नुकसान’ अशी भाषा असते, आणि त्यातला ‘मुळे’ तुमच्या कामाचा आहे. विम्याच्या दाव्यांत अपवादाचे कलम पुढे करणाऱ्यानेच ते सिद्ध करायचे असते. वॉरंटीतही हाच युक्तिवाद करता येतो. बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये चौदा कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशातही सूर हाच होता: बाहेर काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, त्या कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. त्यामुळे त्या आदेशाचा आधार घ्या, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. फिल्टर विकणारे अमेरिकेतल्या 1975 च्या वॉरंटी कायद्याचा दाखला देतात, तो इथे चालत नाही.

आता पुराव्याकडे या, कारण निकाल तिथेच लागणार आहे. टर्बोच्या कॉम्प्रेसर चाकाची (हवा आत ढकलणाऱ्या चाकाची) पाती पाहायला सांगा. फिल्टरमधून धूळ गेली असेल तर पात्यांच्या कडा झिजलेल्या, खाल्लेल्या दिसतात. फिल्टरनंतरच्या पाइपात आतून बोट फिरवले तर बारीक माती लागते. इंजिन ऑइलच्या लॅब तपासणीत सिलिकॉन, म्हणजे धुळीचा अंश, वाढलेले सापडते. याउलट पाती शाबूत आहेत, पण शाफ्ट ढिला आहे आणि बेअरिंग तेलावाचून जळले आहे, तर फिल्टरकडे बोट दाखवणे अवघड होते. मग ऑइल लाइन, ऑइल पंप, वेळेवर झालेली सर्व्हिसिंग हे विषय पुढे येतात. सर्व्हिसिंगच्या पावत्या म्हणूनच आजच गोळा करा. फिल्टरला तेल जास्त लागले असेल तर आत येणारी हवा मोजणारा एअर-फ्लो सेन्सर बिघडू शकतो, पण तो मुद्दा सेन्सरचा. टर्बोशी त्याचा संबंध त्यांना वेगळा दाखवावा लागेल.

सेंटरला आधी ईमेल करा: वॉरंटी कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या तांत्रिक कारणाने नाकारली ते लेखी द्या, टर्बो माझ्या समक्ष उघडा, व्हिडिओ काढू द्या. स्वतंत्र ऑटोमोबाइल सर्व्हेअर बोलवा, आणि कंपनीला तारीख कळवून हजर राहायला सांगा. गाडीवाचून अडत असेल तर ‘हक्क राखून, निषेधासह’ असे लिहून पैसे भरा आणि दुरुस्ती करून घ्या. मात्र जुना टर्बो आणि तो फिल्टर सील करून घरी आणा. जुना टर्बो एक्स्चेंजमध्ये द्या म्हणून काही हजारांची सवलत सांगतील. ती घेतलीत की तुमचा पुरावा भंगारात गेला.

उत्तर टाळले किंवा मोघम आले, तर डीलर आणि कंपनी दोघांनाही पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. मग सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. मोबदला, म्हणजे तुम्ही मोजलेली किंमत, पन्नास लाखांपर्यंत असल्याने जिल्हा आयोगच, आणि तुमच्या किमतीला फी 400 रुपये. तज्ज्ञ तपासणीची गरज असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. समोरून याच कायद्याचे कलम 87 येईल: वस्तूत बदल केला असेल तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा (सदोष वस्तूने झालेल्या हानीच्या भरपाईचा) दावा चालत नाही. तक्रारीत स्पष्ट लिहा की तुमचा दावा तो नाही, वॉरंटीची सेवा नाकारल्याचा, म्हणजे सेवेतील त्रुटीचा आहे.

आरटीओची धास्ती नको. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर आहे, आणि मूळ डब्यात बसणाऱ्या फिल्टरने आरसीतले काही बदलत नाही. पीयूसी मात्र चालू ठेवा.

आणि तपासणीत खरोखर धूळच निघाली तर? मग कंपनीविरुद्धची बाजू लंगडी पडेल, हे आत्ताच मनाशी धरा. अशा वेळी मोर्चा फिल्टरच्या उत्पादकाकडे आणि दुकानदाराकडे वळवता येतो, विशेषतः ‘वॉरंटीला धक्का नाही’ असे खोक्यावर छापले असेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिले असेल तर. ते मेसेज, बिल आणि खोके टाकू नका. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे, पण सर्व्हेअर याच आठवड्यात बोलवा.