तरुणांना मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आणायचं तर पॉप संस्कृतीची नक्कल करावी का?

नाही, करू नये. नऊ वर्षं मी तरुण संघ चालवला आणि त्यातली पहिली चार नक्कल करण्यातच घालवली, म्हणून इतक्या ठामपणे लिहितोय.

तुमचं म्हणणं असं की मुलांना पॉप, रॅप, रील्स आवडतात, मग सुवार्ताही त्याच रूपात का देऊ नये? संघातला माझा एक सहकारी अगदी हेच म्हणायचा. त्याच्या आग्रहावरून आम्ही मोठी संगीत संध्या ठरवली. त्या वर्षी गाजलेल्या एका प्रेमगीताची चाल घेतली आणि प्रेयसीच्या जागी येशूचं नाव बसवलं. 'वधस्तंभ' (येशूचा क्रूस) हा शब्द काही केल्या त्या चालीत बसेना. दोन दिवस झटलो आणि शेवटी तो काढूनच टाकला. हे मी आजही विसरू शकत नाही.

रंगीत दिवे होते, धुराचं मशीन होतं, प्रवेशाला मनगटावर चमकणारा पट्टा होता. हॉल गच्च भरला, मुलं खुर्च्यांवर चढून नाचली. स्टेजवरून ते बघताना माझे डोळे भरून आले.

कार्यक्रम संपल्यावर मी खाली बसून केबली गुंडाळत होतो, कारण भाड्याचं सामान अकराच्या आत परत द्यायचं होतं. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा येऊन उभा राहिला. हातातला पट्टा अजून चमकत होता. म्हणाला, "दादा, माझी आई दोन महिन्यांपूर्वी गेली. ती आता कुठे असेल?"

मी म्हणालो, "पाच मिनिटं थांब, एवढं आवरतो."

आवरून वर पाहिलं तर तो गेला होता. पट्टे आम्ही मोजून वाटले होते, पण नाव एकाचंही लिहून घेतलं नव्हतं. तो पुन्हा कधी दिसला नाही.

पुढच्या सभेत सहकाऱ्याने गर्दीचा आकडा सांगितला. मी त्या मुलाचं सांगितलं, तर म्हणाला, "एकासाठी सगळं बंद करायचं का?" हो, करायचं. नव्याण्णव मेंढरं सोडून एकामागे निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट आपण शब्बाथशाळेत पोरांना शिकवतो, ती मग कशासाठी?

सहकाऱ्याचा दुसरा आधार बायबलमधल्या प्रेषित पौलाचा: मी सर्वांना सर्व काही झालो, म्हणजे ज्याला जसं रुचेल तसं व्हायचं. पण अथेन्समध्ये पौल काय करतो ते बघा (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 17). तो ग्रीक कवींची ओळ घेतो आणि तिथून थेट पुनरुत्थानावर, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला यावर, येतो. लोक थट्टा करतात, तरी तो मुद्दा गाळत नाही. आम्ही मात्र वधस्तंभ गाळला होता.

फ्रान्समधल्या तेझे खेड्यातला ख्रिस्ती मठ बघा. त्याचे संस्थापक ब्रदर रॉजर 1940 मध्ये त्या खेड्यात आले. आज उन्हाळ्यात तिथे दर आठवड्याला हजारो तरुण येतात. दिवसातून तीनदा प्रार्थना, पुन्हापुन्हा म्हटलेली दोन-दोन ओळींची गीतं आणि मध्ये बरीच मिनिटं पूर्ण शांतता. बाकी वेळ लहान गटांत बायबलवर बोलायचं आणि सगळ्यांनी मिळून भांडी घासायची. यातलं काहीही पॉप मैफलीसारखं नाही, तरी तरुण येतात. मैफल त्यांना बाहेर आपल्यापेक्षा कितीतरी चांगली मिळते, आणि नक्कल तर ते पहिल्या सुरालाच ओळखतात.

एक मात्र मान्य करतो. लोकप्रिय चाल घेणं हे काही पाप नाही. विल्यम बूथ यांच्या साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेने एकोणिसाव्या शतकात लंडनच्या करमणूकगृहांतल्या चाली उचलल्या आणि ब्रास बँड रस्त्यावर नेला. पण ती माणसं त्या गरीब वस्त्यांतच राहत होती, बँड थांबला तरी निघून जात नव्हती. त्यामुळे तुमच्या मुलांपैकी कुणी मनापासून रॅप लिहीत असेल तर जरूर गाऊ द्या. मोठ्यांनी त्यांच्यासाठी बनवू नये, एवढंच.

नंतरची पाच वर्षं आम्ही दर आठवड्याला बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचायचो. सुरुवातीला सात जण होते. अटकेआधी येशूने जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेच्या अध्यायाला एका मुलीने विचारलं, "येशूला भीती वाटली होती?" त्या संध्याकाळी आम्ही दोन तास त्यावरच बोलत बसलो, आणि कुणालाही थांब म्हटलं नाही.