उन्हात तापून कोणी मॅरेथॉनपटू होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत दुकान, वय ३६, बसून बसून वजन वाढलंय, हाफ मॅरेथॉन झाल्यात आणि येत्या जानेवारीत मुंबईला पूर्ण ४२ किलोमीटर पळायचंय. एप्रिल-मेमध्ये सराव करावा की पाऊस लागल्यावर सुरू करावा? उन्हात पळाल्यानं स्टॅमिना वाढतो असं मित्र म्हणतात. शिवाय झोप आणि खाणंही सुधारायचंय.

आत्ताच सुरू करा, पण पहाटे. एवढंच उत्तर आहे, आणि ते इतरांनी दिलंही असेल. मी लिहायला बसले ती तुमच्या मित्रांच्या त्या एका वाक्यामुळे. स्टॅमिनाचं हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं घरात ऐकतेय.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, फौजेतून निवृत्त झालेले. बेळगावात मराठा सेंटर, म्हणजे लष्कराच्या मराठा रेजिमेंटचं केंद्र, असल्यामुळे आमच्याकडे गल्लीगल्लीत एक तरी निवृत्त फौजी असतो, आणि त्यांतले बहुतेक पहाटे उठून गपगुमान चालून येतात. दाजी त्यांतले नव्हेत. 'ऊन अंगात मुरवावं लागतं' हे त्यांचं तत्त्वज्ञान. 'पाणी मागणारं पोरगं भरतीत टिकत नाही' हे त्याचं दुसरं कलम.

काही वर्षांपूर्वी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या यात्रेला आम्ही सगळे बहिणीच्या घरी जमलो होतो. यात्रेची रात्र कशी असते ते सीमाभागातल्या माणसाला काय सांगायचं. बारापर्यंत मटणाच्या पंगती, दोनपर्यंत गप्पा, मग मिळेल तिथं वाकळ टाकून आडवं व्हायचं. मी पाचला उठून शेताच्या रस्त्यानं थोडं पळून, अंघोळ करून मोकळी झाले. दाजी उठले सावकाश. चहा-नाष्टा झाला आणि नऊच्या सुमाराला भाच्याला म्हणाले, "चल, गडावर जाऊन येऊ पळत."

गड म्हणजे राजहंसगड. गाडीनं जाणाऱ्याला तो चढ काहीच वाटत नाही. भाचा तेव्हा बी.कॉम.ला होता आणि सैन्यभरतीची तयारी करत होता. भरतीत पळायचं असतं १६०० मीटर. त्यासाठी एप्रिलमध्ये नऊ वाजता, रात्रभर जागून, मटण पचायच्या आत गड कशाला चढायचा, असं मी विचारलं. "तू तुझ्या व्हॅक्सिन डेपोतल्या बायकांना शिकव," असं उत्तर मिळालं. (व्हॅक्सिन डेपो म्हणजे बेळगावातलं फिरायला-पळायला जायचं मैदान.) निदान बाटली तरी न्या म्हटलं. "बाटली धरून लढाई करतात काय?"

मला राहवेना. घरातली कामं टाकून बहिणीची स्कूटर काढली, पाण्याचा कॅन पुढं ठेवला आणि मागोमाग गेले. दाजी उतारावर पुढं निघून गेलेले, भाचा मागं, रस्त्याकडेला. उभा होता, पण सरळ उभा नव्हता. बनियन पिळून निघेल इतका घाम. मी म्हटलं, "बस गाडीवर." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आयतु सर, आयतु."

आयतु म्हणजे कन्नडमध्ये 'बरं'. आमच्या घरात कन्नड कुणी बोलत नाही. शाळेतल्या पीटीच्या सरांना द्यावं तसं उत्तर तो मला देत होता. पुन्हा विचारलं तर चिडला आणि रस्ता सोडून भलत्याच दिशेला चालायला लागला.

तेवढ्यात दाजी माघारी आले. त्यांचं निदान तयारच होतं: "घाम येतोय की त्याला. म्हणजे ऊन लागलेलं नाही. रात्रीचं मटण बाधलं, पित्त आहे."

हा गैरसमज जीवघेणा आहे म्हणून इथं जरा थांबते. उष्माघातात अंग कोरडं पडतं हे आपण शाळेपासून ऐकतो. म्हातारी माणसं उकाड्यात घरात बसून आजारी पडतात तेव्हा बऱ्याचदा तसंच दिसतं. पळणाऱ्या तरुण माणसाला उष्माघात होतो तेव्हा तो घामानं निथळत असू शकतो. अंग कोरडं की ओलं हे बघू नका, डोकं ठिकाणावर आहे का ते बघा. बरळणं, तोल जाणं, उगाच चिडणं, साध्या प्रश्नाला भलतं उत्तर देणं. त्या वेळी शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं आणि ते किती वेळ तसं राहतं यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून अंग आधी गार करायचं. दवाखान्याला फोन लगेच करा, पण गाडीत घालून नुसतं पळवू नका.

बाजूच्या शेतात वांग्याला पाणी सुटलं होतं. थ्री फेज करंट होता हे नशीबच. शेतावरचे एक मामा आणि मी, दोघांनी मिळून पोराला पाटात आडवं केलं आणि मोटारीचा पाइप त्याच्यावर धरला. डोकं वर धरून मान, काखा, जांघा सगळं भिजवत राहिलो. दाजी काठावरून सांगत होते की गार पाण्यानं झटका येईल. बऱ्याच वेळानं भाचा मराठीत म्हणाला, "मावशी, पुरे गं, थंडी वाजाय लागली." मग गाडी मागवून दवाखाना, रक्ताच्या तपासण्या, किडनी-लिव्हर ठीक आहे ना ते बघणं, रात्रभर देखरेख. शेतातच गार केलंत ते बरं केलंत, एवढं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पित्ताचं नावही त्यांनी काढलं नाही. तरी आमच्या घरात आजही त्या दिवसाला 'पोराला पित्त झालं होतं तेव्हा' असंच म्हणतात.

आता तुमचा स्टॅमिना.

उन्हाची सवय होते हे खरं आहे. रोज थोडं थोडं उष्ण हवेत पळालं तर दहा ते चौदा दिवसांत शरीर जुळवून घेतं: रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर आणि जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, त्याच वेगाला छातीचे ठोके कमी पडतात. पण ही सवय टिकाऊ नाही. उष्ण हवा सुटली की दोन-चार आठवड्यांत ती बरीचशी उतरते. मे महिन्यात अंगात मुरवलेलं ऊन आषाढाच्या पावसात वाहून जाणार, आणि तुमची शर्यत जानेवारीत. मग दुपारी भाजून घेऊन मिळवलं काय? या दिवसांत संथ पळून पायात घातलेले किलोमीटर मात्र पुढं उपयोगी पडतात, आणि ते पहाटे पाचला पळालात तरी तेवढेच भरतात.

दाजींना हे पटत नाही. त्यांना दोहाचं उदाहरण देऊन झालं. तिथं २०१९ च्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत बायकांची मॅरेथॉन उन्हाच्या धास्तीनं मध्यरात्री सोडली होती. तरीही ६८ जणींपैकी ४० जणीच शेवटपर्यंत पोचल्या, इथिओपियाच्या तिघीही मधेच थांबल्या. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन तर उकाड्यामुळे उत्तरेला साप्पोरोला हलवली. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथंही पुरुषांच्या शर्यतीत १०६ पैकी ३० जणांनी सोडून दिलं. जगातले सगळ्यांत पक्के पाय आहेत हे. दाजींचं म्हणणं, "ते नाजूक. आपला चौगुले बघ."

हा त्यांचा हुकमाचा एक्का, आणि इथं माझी पंचाईत होते, कारण चौगुल्यांचा अभिमान मलाही आहे. फडेप्पा दरेप्पा चौगुले, आमच्या बेळगावचे. डेक्कन जिमखान्याच्या पुढाकारानं आणि दोराबजी टाटांच्या पाठबळावर भारताचा संघ १९२० मध्ये अँटवर्प ऑलिंपिकला गेला, त्यात हे होते. मॅरेथॉनचं अंतर तेव्हा आजच्यापेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर. ते त्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पळून एकोणिसावा नंबर काढला. शंभर वर्षांपूर्वी! पुणे-मुंबईच्या रनिंग ग्रुपमध्ये हे नाव सांगितलं की कुणालाच माहीत नसतं, आणि मग मी जरा मोठ्यानं सांगते. पण दाजी, अँटवर्पला त्या दिवशी हवा गार होती, पाऊस होता. चौगुल्यांनी ऊन जिंकलं नाही, अंतर जिंकलं.

असो. निपाणीचं ऊन आमच्या बेळगावपेक्षा कडक, तेव्हा सूर्योदयाच्या आत, म्हणजे सहाच्या सुमाराला, निम्मं पळणं झालेलं असू द्या. तवंदीचा घाट चढाच्या सरावाला मोह घालेल. तो हायवे आहे, ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही, तिकडं जाऊ नका. आतले शेताचे रस्ते धरा. वेगाचं घड्याळ मे संपेपर्यंत विसरा. बोलता बोलता पळता आलं पाहिजे, दम लागला की चाला. वळीव पडून गेल्यावरची सकाळ गार वाटते, पण हवेत ओल असते, घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. त्या दिवशी आणखी संथ.

पाण्याचं 'जितकं जमेल तितकं प्या' हेही चूकच. लांब पळताना नुसतं साधं पाणी ढोसत राहिल्यानं रक्तातलं मीठ उतरून माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. पळायच्या आधी आणि नंतर वजन करा. किलोभर उतरलं तर साधारण लिटरभर घाम गेला. वाढलं असेल तर जास्त प्यायलात. घरचं ताक मीठ घालून, कोकम, लिंबू-साखर-मीठ, काहीही चालेल. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती जलसंजीवनीचं माप पाठ करून ठेवा, चमचा चहाचा.

सवयींचं तुम्ही विचारलंय, त्यावर माझं मत एका ओळीचं आहे: रात्रीचं जेवण आठच्या आत. बाकीचं सगळं त्यामागून येतं. दुकान नऊला बंद, घरी पोचायला साडेनऊ, जेवण दहाला, मोबाइल बारापर्यंत, आणि मग पाचला उठायची भाषा. हे होत नाही. डबा दुकानात मागवा. भाकरी, भाजी, आमटी, आणि घरी गेल्यावर फक्त ताक. 'घरात सगळे एकत्र जेवतात' हे कारण मला सांगू नका, ते ऐकत मी संसार केलाय. सुरुवातीला सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत, आता त्याच साडेसातला ताट मागतात. वजनाचं म्हणाल तर ७० किलोचा माणूस दहा किलोमीटर पळून साधारण सातशे कॅलरी जाळतो. परत येताना कॅन्टीनला बसून पुरी-भाजी, वर शिरा आणि दोन चहा झाले की हिशेब मिटला. लग्नसराईत तर पंगतीत बसायच्या आधी घरून भाकरी खाऊन जा.

झोपेचं वेगळं काही लिहीत नाही. आठला जेवलेला माणूस दहाला झोपतोच.

आता राहिलेलं. मी डॉक्टर नाही. पहिले दोन आठवडे अर्ध्या तासाच्या वर जाऊ नका, हाफ पळून झालेली असली तरी. ताप, जुलाब किंवा जागरण झालं असेल तर त्या दिवशी सुट्टी, भाच्याच्या बाबतीत निम्मं कारण जागरणच होतं. आणि नोव्हेंबरपासून, नेमका तुमचा लांब पळण्याचा काळ असेल तेव्हा, उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतील. दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही. अंधारात पळताना चमकणारा पट्टा घाला आणि समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून पळा.

छत्तीस वय, बैठं काम, म्हणून एकदा बीपी आणि साखर तपासून घ्या. बीपीच्या काही गोळ्यांनी अंगातलं पाणी आणि मीठ कमी होतं, तसली गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात पळण्याआधी डॉक्टरांना विचारा. दाजींनाही बीपी आहे. त्यांनी अजून विचारलेलं नाही.