युद्धपटात प्रेक्षकाला किती दिसू द्यावे?

माझे सर्वांत आवडते युद्धपट कोणते आणि ते लक्षात कशामुळे राहिले, असे तुम्ही विचारले आहे. नावांच्या आधी निवडीची कसोटी सांगतो. ज्या चित्रपटात मला अख्खी लढाई दिसते, तो मी आदराने पाहतो आणि बहुधा विसरून जातो. ज्यात लढाईत सापडलेल्या माणसाला जेवढे दिसते आणि ऐकू येते तेवढेच माझ्याही वाट्याला येते, तो मनातून जात नाही. १९६२ सालचा ‘द लाँगेस्ट डे’ हा दुसऱ्या महायुद्धात दोस्तांनी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर केलेल्या स्वारीवरचा भव्य चित्रपट घ्या. त्यात दोन्ही बाजूंचे सेनापती आहेत, नामांकित नटांची फौज आहे, तपशिलांवरची मेहनत जागोजागी जाणवते. तरीही मला त्यातला नीट आठवतो तो चर्चवर हवाई छत्री अडकून लोंबकळत राहिलेला एकटा सैनिक, कारण खाली आपले सोबती मारले जात असताना त्याला पाहण्यापलीकडे काहीच करता येत नाही.

या कसोटीवर पहिला येतो वोल्फगांग पीटरसनचा ‘दास बोट’ (१९८१). दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन पाणबुडीची ही कथा बहुतांशी त्या पाणबुडीच्या पोटातच घडते. आतला सेट खऱ्या पाणबुडीच्या मापाने बांधला होता आणि छायाचित्रकार योस्ट वाकानो हातात कॅमेरा घेऊन त्या चिंचोळ्या वाटेने नटांच्या मागे अक्षरशः धावला, त्यामुळे तिथली अडचण नुसती दिसत नाही, अंगाला लागते. वरून शत्रूची विनाशिका ही युद्धनौका जात असताना खलाशी श्वास रोखून छताकडे पाहत राहतात. शत्रू नजरेला पडत नाही; ध्वनिलहरींनी पाणबुडीचा माग काढणाऱ्या ‘सोनार’ यंत्राचा आवाज तेवढा जवळ येत जातो, मग स्फोट, मग गळती आणि पाण्याच्या दाबाने गोळीसारखे सुटणारे बोल्ट. पण याहून अस्वस्थ करणारे दृश्य पाण्याच्या वर घडते. टॉर्पेडो लागलेले तेलवाहू जहाज तासन्‌तास जळत असते, त्यावरचे लोक एव्हाना सोडवले गेले असतील असे धरून कप्तान त्यावर आणखी एक टॉर्पेडो सोडतो, आणि मग आगीतून माणसे पाण्यात उड्या टाकताना दिसतात. ती पोहत पाणबुडीकडे येऊ लागतात, तेव्हा कप्तान पाणबुडी मागे घ्यायचा हुकूम देतो. आत एका माणसालाही जादा जागा नाही, हे त्याला माहीत आहे आणि तोवर त्या टंचाईत राहिल्यामुळे आपल्यालाही माहीत झालेले असते, म्हणून त्याला दोष देणे सोपे राहत नाही.

एलेम क्लिमोवचा ‘कम अँड सी’ (१९८५) हा माझ्या मते आजवरचा सर्वांत कठोर युद्धपट आहे. १९४३ सालच्या बेलारूसमध्ये फ्ल्योरा नावाचा पोरगेला मुलगा वाळूत पुरलेली रायफल उकरून काढतो आणि नाझींशी लढणाऱ्या गनिमी तुकडीत दाखल होतो. बॉम्बच्या धमाक्याने त्याचे कान बधिर होतात, आणि त्यानंतर बराच वेळ आपल्यालाही फक्त कानात घुमणारा सूर आणि दबलेले, दुरून आल्यासारखे आवाज ऐकू येतात. अशा अवस्थेत तो ग्लाशा नावाच्या मुलीला घेऊन घरी परततो. घरात कोणी नाही, चुलीतले सूप अजून कोमट आहे, माश्या घोंघावत आहेत, बहिणींच्या बाहुल्या जमिनीवर पडल्या आहेत. घरचे लोक बेटावर लपले असतील, असे स्वतःला पटवून तो धावत सुटतो. ग्लाशा धावता धावता मागे वळून पाहते आणि घराच्या मागच्या भिंतीशी पडलेला प्रेतांचा ढीग क्षणभर दिसतो. फ्ल्योरा वळत नाही. दिग्दर्शकाने तो ढीग आणखी थोडा वेळ दाखवला असता, तर मला वाटते त्याचा घाव निम्मा झाला असता. पटकथेचे सहलेखक आलेस आदामोविच किशोरवयात स्वतः त्या गनिमी लढ्यात होते. बेलारूसमधली ६२८ गावे माणसांसकट जाळली गेली, असा मजकूर शेवटी पडद्यावर येतो. तो आधी आला असता तर नुसता आकडा वाटला असता.

स्टॅन्ली कुब्रिकचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९५७) मात्र माझ्या कसोटीत बसत नाही, आणि तरीही तो यादीतून काढायची माझी तयारी नाही. इथे प्रेक्षकाला खंदकही दिसतो आणि सेनापतींचा महालही, आणि चित्रपटाचा सगळा राग या दोहोंमधल्या अंतरातून येतो. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सेनापती मिरो बढतीच्या आशेने एक अशक्य हल्ला करायला लावतो. सैनिक पुढे सरकेनात, तेव्हा तो आपल्याच खंदकांवर तोफा डागायला सांगतो आणि तोफखान्याचा अधिकारी लेखी हुकमाशिवाय तसे करायला नकार देतो. मग भ्याडपणाचा ठपका ठेवून गोळ्या घालण्यासाठी तीन सैनिक निवडले जातात: एक वरिष्ठाचे बिंग त्याला ठाऊक आहे म्हणून, एक नको असलेला माणूस म्हणून आणि एक चक्क चिठ्ठी टाकून. त्या चिठ्ठीवाल्याची कवटी आदल्या रात्री फुटते. त्याला स्ट्रेचरसकट खांबाला उभे करतात आणि मरताना तो शुद्धीवर असावा म्हणून त्याच्या गालाला चिमटा काढतात. युद्धाचा कारभार किती काटेकोर असू शकतो, हे त्या चिमट्याइतके दुसऱ्या कशातून मला कळलेले नाही. फ्रान्समध्ये हा चित्रपट १९७५ सालापर्यंत प्रदर्शित झाला नाही, याचे नवल वाटू नये.

फ्रान्सविरुद्धच्या अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या, जिलो पॉन्तेकोर्व्होच्या ‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’ला (१९६६) काही जण युद्धपट म्हणणार नाहीत, मी म्हणतो. फ्रेंचांनी भरलेल्या कॅफेत बॉम्ब ठेवायला आलेली अल्जीरियन तरुणी आजूबाजूचे चेहरे पाहते आणि कॅमेरा तिच्या नजरेने फिरत आइस्क्रीम खाणाऱ्या एका लहान मुलापाशी थांबतो. तिचा लढा न्याय्य आहे, असे मानूनही आपल्याला ते मूल पाहावेच लागते. क्लिंट ईस्टवुडच्या ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’त (२००६) मेलेल्या अमेरिकन सैनिकाला आलेले आईचे पत्र जपानी अधिकारी मोठ्याने वाचून दाखवतो, तेही याच जातीचे दृश्य आहे, फक्त थोडे अधिक हळवे.

हिंदीतला एकच सांगायचा तर चेतन आनंदचा ‘हकीकत’ (१९६४). १९६२ चे युद्ध संपून दोनच वर्षे झालेली असताना पराभवावर चित्रपट काढणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यातली प्रेमकथा आज लांबलेली वाटते, पण लडाखच्या उघड्या डोंगरांत थोड्या दारूगोळ्यानिशी मागे हटणारी माणसे अजूनही खरी वाटतात.

यांतला एकही पाहिला नसेल, तर सुरुवात ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ने करा, तो दीड तासाच्या आत संपतो. ‘दास बोट’च्या अनेक आवृत्त्या आहेत, त्यांपैकी १९९७ सालची सुमारे साडेतीन तासांची दिग्दर्शकाची आवृत्ती मिळवा आणि जर्मन आवाजातच पाहा, कारण त्यातले रेंगाळणे काढून टाकले तर उरलेला चित्रपट साहसपट होतो. ‘कम अँड सी’ मात्र दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच लावा.