एक्सेलमध्ये मॅक्रो वापरून बनवलेल्या अ‍ॅप्लिकेशनची हेल्प फाइल कशात तयार करावी?

आधी फाइल कुठून उघडली जाणार ते बघा. प्रत्येकाच्या संगणकावरच राहणार असेल तर सीएचएम (विंडोजचा हेल्प फाइलचा प्रकार) अजूनही उत्तम: व्हीबीएच्या, म्हणजे मॅक्रो लिहायच्या भाषेच्या, हेल्प मेथडला (हेल्प उघडणाऱ्या आज्ञेला) फाइलचं नाव आणि विषयाचा क्रमांक दिला की नेमकं तेच पान उघडतं. पण तीच फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरमधून उघडली की विंडोज सुरक्षेपोटी मजकूर अडवतं. अनुक्रमणिका दिसते, पान मात्र कोरं. वापरणाऱ्याला वाटतं, आपलंच काही चुकलं. तिथे एचटीएमएल किंवा पीडीएफच द्या.

म्हणून मी हेल्पएनडॉक हे हेल्प फाइल बनवायचं सॉफ्टवेअर सुचवेन. एकाच मजकुरातून हे तिन्ही प्रकार निघतात, वैयक्तिक वापराला मोफत आहे. अ‍ॅप्लिकेशन दोन-तीन शीटचंच असेल तर वेगळी फाइल नकोच, मदतीची एक शीट आतच ठेवा. ती वर्कबुकबरोबरच फिरते.